गाणं कुठल्या फोल्डरमध्ये राहतं

ग्रेगोरियन गायनाची, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाची, चार ओळींची स्वरलिपी कॉम्प्युटरवर छापता येते हे अजून आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना माहीतच नाही. मी सांगते तेव्हा समोरचा विचारतो, म्हणजे जुन्या पुस्तकाचा फोटो काढून टाकता का. तर नाही. ग्रेगोरिओ नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, 2006 मध्ये फ्रान्समधल्या एली रू यांनी सुरू केलेलं, ते लुआलेटेकसोबत, म्हणजे पानं जुळवणाऱ्या लेटेक ह्या मोफत सॉफ्टवेअरच्या एका प्रकारासोबत, चालतं आणि त्यातून इतकी देखणी पानं निघतात की पहिल्यांदा प्रिंट हातात आल्यावर मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. आमच्या वसईत मिस्सा आता मराठीतच होते आणि ते बरोबरच आहे, लोकांना कळतं, लोक गातात. पण पवित्र आठवड्यात, एखाद्या मोठ्या सणाला, आमचा कॉयर थोडं लॅटिन गातो, त्यासाठी छोट्या पुस्तिका लागतात आणि त्या मी करते. म्हाताऱ्या मंडळींना मिस्सा दे आंजेलिस ही लॅटिन मिस्सेची चाल अजून तोंडपाठ आहे, त्यांना पुस्तिका लागतच नाही, पण नवीन मुलांना लागते.

आणि हे काम करताना सगळ्यात जास्त डोकं जातं ते फाइल कुठे ठेवायची आणि तिला नाव काय द्यायचं यात. सूर टाइप करणं त्यामानाने सोपं आहे. जीएबीसी नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते, वर गाण्याचं नाव वगैरे माहिती, मग टक्क्याची दोन चिन्हं, आणि त्याखाली लॅटिन शब्द अक्षरावयवांत तोडून प्रत्येकाच्या पुढे कंसात सूर. चार ओळींपैकी सगळ्यात खालची ओळ म्हणजे डी, दुसरी एफ, तिसरी एच, चौथी जे, मधल्या जागांना मधली अक्षरं. सुरुवातीला सी आणि आकडा लिहिला की 'दो' कुठल्या ओळीवर बसतो ते ठरतं. अक्षरापुढे टिंब दिलं की तो सूर लांबतो, डब्ल्यू दिलं की कातरलेल्या कडांचा क्विलिस्मा नावाचा सूर येतो. मला तर आता कधीकधी कागदावर गाणं न बघता नुसत्या जीएबीसीतूनच ते मनात ऐकू येतं, आणि ही सवय लागली की फार सुंदर वाटतं. मग मुख्य लेटेक फाइलमध्ये ग्रेगोरिओस्कोअर ही कमांड द्यायची, महिरपी कंसात फाइलचं नाव, झालं.

झालं म्हणजे, फाइल सापडली तर झालं.

पुस्तिका करणारा माणूस पहिल्यांदा काय करतो तर प्रत्येक दिवसाचं एक फोल्डर करतो. नाताळ, राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, ईस्टर. पुस्तिका दिवसाची असते तर फोल्डरही दिवसाचं, हे अगदी साहजिक वाटतं, आणि एका पुस्तिकेपुरतं ते चालतंही. पण उपासनेचं वर्ष तसं नसतं ना. तेच गाणं वर्षात अनेकदा परत येतं. साल्वे सांक्ता पारेन्स हे प्रवेशगीत घ्या, जुन्या पुस्तकात ते 8 सप्टेंबरला मरियेच्या जन्माच्या सणाला आहे, ज्या सणाला आपल्याकडे वांद्र्याच्या माऊंट मेरीची जत्रा भरते, आणि तेच मरियेच्या इतर दिवसांनाही येतं. दिवसाचं फोल्डर केलं की ह्या एका गाण्याच्या तीन-चार प्रती तयार होतात. मग कोणीतरी एका प्रतीत एक चुकलेला सूर दुरुस्त करतं, बाकीच्या प्रती तशाच राहतात, आणि सप्टेंबरला कॉयर एक गातो आणि डिसेंबरला दुसरंच. गाणाऱ्याच्या कानाला ते लगेच कळतं पण कुठलं बरोबर हे आता कोण सांगणार? फाइल तर दोन्ही आहेत, तारखाही दोन्हीच्या जवळजवळ सारख्याच.

म्हणून माझं आता पक्कं मत झालंय की गाणं एकाच जागी राहायला पाहिजे आणि दिवसाने त्याच्याकडे यायला पाहिजे. स्कोअरचं, म्हणजे सुरांच्या फाइलींचं, एक मोठं फोल्डर, त्यात गाण्याच्या प्रकाराप्रमाणे पोटफोल्डर: इंट्रॉइट म्हणजे प्रवेशगीत, ग्रॅज्युअल म्हणजे वाचनानंतरचं गीत, आलेलुया, ऑफर्टरी म्हणजे अर्पणगीत, कम्युनियो म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या वेळचं गीत, आणि किरियाले म्हणजे किरिये, ग्लोरिया अशी मिस्सेची ठरलेली गीतं. आणि पुस्तिकांच्या फाइली वेगळ्या, त्यांच्यात फक्त पत्ते. पुस्तिकेच्या फोल्डरमध्ये एकही सूर नको. फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या लोकांनी लिबेर उझुआलिस नावाचा जो ग्रंथ केला, पहिली आवृत्ती 1896 ची, त्यात पानोपानी हेच दिसतं. गाणं एकदा छापलंय आणि दुसऱ्या सणाला आलं की नुसतं लिहिलंय, अमुक पान बघा. कागद वाचवायला केलं असेल, पण त्यामुळे सूरही एकच राहिला.

आता नावाचं. ह्या गाण्यांना शीर्षक नसतंच, पहिल्या शब्दांवरूनच ती ओळखली जातात, आपल्या गाथेत अभंग जसा पहिल्या ओळीवरून अनुक्रमणिकेत शोधतो अगदी तसं. आद ते लेवावी म्हटलं की आगमनकाळाचा पहिला रविवार. लेतारे, गाउदेते ही तर रविवारांचीच नावं झाली. तेव्हा फाइलला पहिल्या शब्दांचं नाव द्यावं असं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते ठीकच आहे, पण युस्तुस उत पाल्मा आलं की गाडी अडते. 'नीतिमान माणूस ताडाच्या झाडासारखा बहरेल', 92 वं स्तोत्र, लॅटिन क्रमाने 91 वं. ह्या एकाच ओळीने सुरू होणारं प्रवेशगीत आहे, ग्रॅज्युअल आहे, आलेलुया आहे आणि ऑफर्टरीसुद्धा आहे. चारही वेगळ्या चाली. नुसतं युस्तुस उत पाल्मा नावाची फाइल कोणी पाठवली तर उघडून बघेपर्यंत ती कुठली ते कळत नाही. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत पण दोमिनुस दिक्सित आद मे हे प्रवेशगीतही आहे आणि आलेलुयाच्या ओळीतही तेच शब्द आहेत. म्हणून फाइलच्या नावात आधी प्रकाराची दोन अक्षरं आणि मग पहिले शब्द, हे पाहिजेच. फोल्डर वेगळे आहेत मग नावात परत कशाला, असं कोणी विचारतं, तर फाइल फोल्डरमधून बाहेर पडते हो, व्हॉट्सॅपवर जाते, मेलला जोडली जाते, तेव्हा तिच्यासोबत फक्त तिचं नाव असतं.

युस्तुसचाच अजून एक प्रकार आहे. जुनी पुस्तकं हा शब्द जे ने छापतात आणि 1974 चं ग्रादुआले रोमानुम, म्हणजे मिस्सेच्या गाण्यांचं अधिकृत पुस्तक, आय ने छापतं. उच्चार तोच, सूर तेच, पण कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं, आणि अक्षरक्रमाने लावलं तर एक वर जातं आणि एक खाली, शेजारीसुद्धा येत नाहीत. तसंच चेलोरुममधला एई आणि ओई. काहीही एक ठरवा, पण ठरवा, आणि फोल्डरच्या तोंडाशी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ते लिहून ठेवा. मी आय आणि एई ठरवलंय, जोडाक्षर अजिबात नाही, ॲक्सेंटची चिन्हं फाइलच्या नावात नाहीत. आत गाण्याच्या शब्दांवर ॲक्सेंट हवेतच, गाणाऱ्याला आघात कुठे ते कळलं पाहिजे, पण नावात नको. कारण ॲक्सेंटवालं ई युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एकच अखंड अक्षर म्हणून किंवा साधं ई अधिक वरचं चिन्ह म्हणून. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे. मॅकवर बनवलेली फाइल लिनक्सवर नेली की कधीकधी समोर दिसत असते, नाव वाचता येतं, आणि लेटेक म्हणतं अशी फाइल नाही. असं झालं की माणूस वेडा होतो, कारण शोधणार काय, डोळ्यांना तर काही चुकलेलं दिसतच नाही.

कॅपिटल अक्षरांचंही तेच. विंडोजला आणि साधारणपणे मॅकलाही लहान एस आणि मोठा एस एकच वाटतो, लिनक्सला नाही. आमच्यातला एकजण पुण्यात लिनक्स वापरतो आणि मी विंडोज, त्यामुळे माझ्याकडे व्यवस्थित चालणारी पुस्तिका त्याच्याकडे अडते. सगळं लहान अक्षरांत, स्पेस नाही, शब्दांमध्ये डॅश, एवढा नियम पाळला तर निम्मी डोकेदुखी जाते. टक्क्याचं चिन्ह तर नावात चुकूनही नको, टेक, म्हणजे लेटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्राम, त्या ओळीतलं त्याच्यापुढचं सगळं टीप समजून सोडूनच देतं. आणि स्लॅश नेहमी पुढे झुकलेला, विंडोजवर सुद्धा, कारण उलटा स्लॅश टेकमध्ये कमांडची सुरुवात असतो.

ग्रेगोबेस म्हणून एक मोठा खजिना आहे, जगभरातल्या लोकांनी हाताने टाइप केलेली हजारो गाणी तिथे जीएबीसीत मिळतात, आणि ज्यांनी ती टाइप केलीत त्यांचे उपकार फिटणार नाहीत. तिथून उतरवलेल्या फाइलच्या नावात प्रकाराची अक्षरं, मग दोन डॅश, मग पहिले शब्द अंडरस्कोअरने जोडलेले, मग परत दोन डॅश आणि कुठल्या आवृत्तीतून घेतलंय ते, असं असतं. कधी मध्ये कंसात साधी चाल की सजवलेली चाल हेही असतं. ही पद्धत मला फार आवडते, विचार करून केलेली आहे, फक्त कंस मी काढून टाकते कारण टर्मिनलमध्ये कमांड देताना कंस आडवे येतात. आवृत्तीचं नाव मात्र कधीच काढत नाही. का ते सांगते.

सोलेमच्या पुस्तकांत सुरांवर तालाची खास चिन्हं असतात, छोट्या उभ्या रेघा, आडव्या रेघा, टिंबं. 1908 च्या व्हॅटिकन ग्रादुआलेत ती नाहीत. सूर तेच, पण गाणाऱ्याला मिळणारी सूचना वेगळी. कुठल्या कॉयरने कुठलं घ्यावं हा मोठा वाद आहे, त्यात मी आत्ता पडत नाही, पण फाइल उघडायच्या आधी ही कुठली ते कळायला हवं. कारण ग्रेगोरिओत ग्रेसेटग्रेगपाथ अशी एक कमांड आहे, तिच्यात महिरपी कंसात महिरपी कंस टाकून फोल्डरांची यादी द्यायची, शेवटी प्रत्येकाला स्लॅश, मग पुस्तिकेत नुसतं गाण्याचं नाव लिहिलं तरी ते त्या फोल्डरांमध्ये शोधतं. फार सोय आहे. पण दोन फोल्डरांत एकाच नावाची फाइल असली तर त्यातली एकच उचलली जाणार, दुसरी तिथे होती हे कोणी सांगत नाही, आणि पान तर छानच दिसतं. सकाळच्या सरावाला अर्ध्या लोकांकडे जुनी प्रिंट आणि अर्ध्यांकडे नवी असली की मगच कळतं. नावात आवृत्ती असली की हे होतच नाही. आमच्या कॉयरच्या दुरुस्त्यांचं जे वेगळं फोल्डर आहे तिथल्या फाइलींना म्हणूनच शेपटीला वसई असं जोडलेलं असतं, मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी आपल्या जागी राहते आणि कोणी विचारलं की तुम्ही इथे काय बदललंत तर दोन्ही शेजारी उघडून दाखवता येतं.

आता एक गोष्ट जी नवीन लोकांना फार छळते. पत्ता कुठून मोजायचा? लेटेक सगळे सापेक्ष पत्ते मोजतं ते जिथून कंपाइल, म्हणजे पीडीएफ बनवणं, चालू केलंय तिथून, म्हणजे सहसा मुख्य फाइलच्या फोल्डरमधून. तुम्ही पुस्तिका भागांमध्ये तोडली, झावळ्यांच्या रविवारची फाइल आतल्या फोल्डरमध्ये ठेवली, तिथून मुख्य फाइलमध्ये आणली, तरी तिच्यातले पत्ते तिच्या स्वतःच्या जागेवरून मोजले जात नाहीत. तीच फाइल कोणी एकटी उघडून कंपाइल केली की सगळे पत्ते एका पायरीने चुकतात. इम्पोर्ट नावाचं पॅकेज आहे त्याने हे बरंच सुटतं, पण मला विचाराल तर कंपाइल कायम मुळातल्या फोल्डरमधूनच करायचं, ही शिस्त सगळ्यात सोपी. आणि सी ड्राइव्हपासून सुरू होणारा अख्खा पत्ता कधीच लिहायचा नाही. त्यात तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवरचं तुमचं नाव असतं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ते नाव कुठून येणार.

त्यावर कोणी म्हणतं, मग दोन टिंबं देऊन एक पायरी वर जाऊ, स्कोअरचं फोल्डर सगळ्या पुस्तिकांच्या बाहेर शेजारी ठेवू. कल्पना चांगली आहे, वाचायला अडचणही येत नाही, पण ग्रेगोरिओला नुसतं वाचायचं नसतं, लिहायचंही असतं. जीएबीसी वाचून ते जीटेक नावाची एक मधली फाइल तयार करतं, टेकला कळेल अशी, आणि तीच पानावर उमटते. ती जर स्कोअरच्या शेजारीच लिहायची ठरली आणि स्कोअर वरच्या फोल्डरमध्ये असला तर टेक लाइव्ह, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवलेला टेकचा संच, ते लिहू देत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये मुळातच असं ठेवलंय की चालू फोल्डरच्या वर काहीही लिहायचं नाही. ही सुरक्षेची गोष्ट आहे, अनोळखी माणसाने पाठवलेल्या लेटेक फाइलने तुमच्या डिस्कवर कुठेही काही लिहू नये म्हणून, आणि मला ते पटतं. पण एरर वाचून हे कळत नाही, माणसाला वाटतं फाइल सापडली नाही, आणि तो पत्ता बदलत बसतो जो आधीपासून बरोबरच होता. तेव्हा स्कोअरचं फोल्डर मुख्य फोल्डरच्या आतच घ्या आणि सगळ्या पुस्तिकांच्या मुख्य फाइली त्या एका मोठ्या फोल्डरच्या तोंडाशी ठेवा.

जीटेक फाइलींच्या नावात ग्रेगोरिओच्या आवृत्तीचा आकडाही येतो. सॉफ्टवेअर अपडेट झालं की नवीन आकड्याच्या नव्या फाइली बनतात, जुन्या पडून राहतात. काही वर्षांनी फोल्डर बघितलं तर एका गाण्याला चार-पाच शेपट्या. ह्या बिनधास्त पुसून टाका, जीएबीसी असली की त्या परत बनतात. जपायची फक्त जीएबीसी. हे मी इतकं ठासून सांगते कारण बॅकअप घेताना लोक पीडीएफ जपतात आणि जीएबीसी सोडून देतात. पीडीएफ म्हणजे छापलेला कागद, त्यात एक सूर बदलायचा म्हटलं तर बदलता येत नाही.

ह्या सगळ्याची एवढी काळजी का वाटते, तर ह्या गायनाचा इतिहासच पत्त्यांवर उभा आहे. लाँ 239, आइनझीडेल्न 121, सांक्त गालन 359, ही हस्तलिखितांची नावं म्हणजे गावाचं किंवा मठाचं नाव आणि ग्रंथालयातला क्रमांक. हजार वर्षांपूर्वीच्या न्यूमा, म्हणजे सुरांच्या जुन्या खुणा, आज त्या पत्त्यावर जाऊन बघता येतात आणि 1979 च्या ग्रादुआले ट्रिप्लेक्समध्ये छापील चौकोनी सुरांच्या वर-खाली त्या उतरवल्यात, त्यामुळे कुठला सूर लांबवायचा याचा विचार आजही त्यावरून होतो. सोलेमच्या साधूंनी 1889 पासून हस्तलिखितांचे फोटो छापायला घेतले आणि पुढच्याच दोन खंडांत एकच गाणं घेतलं, आपलं तेच युस्तुस उत पाल्मा, ग्रॅज्युअल, दोनशेहून जास्त हस्तलिखितांमधून. व्हॅटिकनच्या अधिकृत आवृत्त्या निघाल्या त्या 1905 पासून. म्हणजे आधी दाखवलं की बघा, गाणं इतक्या शतकांत इतक्या ठिकाणी कसं टिकून राहिलं, आणि प्रत्येक पानाखाली ते कुठल्या ग्रंथालयातलं ते लिहिलं. ते लिहिलं नसतं तर कोणी विश्वास ठेवला असता? आपल्याकडे गोव्यात धर्मग्रामाच्या शाळांमधून मेस्त्र, म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवायचे, वह्यांमध्ये हाताने सूर उतरवायचे. अशी एखादी वही कुणाच्या घरी निघाली आणि तिच्यावर गाव, चर्च, साल काहीच लिहिलेलं नसलं की माझा जीव तुटतो. सूर सगळे असतात, पण ते कुणाचे, कुठे गायले जायचे, काही कळत नाही.

म्हणून जीएबीसीच्या वरच्या भागात मी मूळ पुस्तक, पान आणि टाइप करणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय फाइल स्कोअरच्या फोल्डरमध्ये जाऊ देत नाही. फाइलचं नाव कोणी बदललं तरी आतलं राहतं. कॉयरमधली दोन मुलं आता हे शिकतायत, त्यांनाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं, सूर नंतर.

सध्या आम्ही ईस्टरच्या आठवड्याचं करतोय आणि तिथे एक प्रश्न पडलाय ज्यावर मला अजून दुसऱ्यांचं मत हवंय. हेक दिएस हे ग्रॅज्युअल ईस्टरच्या रविवारपासून शुक्रवारपर्यंत रोज येतं, पहिला भाग तोच, पुढची ओळ रोज वेगळी: रविवारी कोन्फितेमिनी, सोमवारी दिकात नुंक इझ्राएल, मग दिकांत नुंक, बुधवारी देक्सतेरा दोमिनी, गुरुवारी लापिदेम, शुक्रवारी बेनेदिक्तुस. एक गाणं एक जागा ह्या नियमाने पहिला भाग एका फाइलमध्ये आणि सहा ओळी सहा फाइलींमध्ये ठेवायला पाहिजेत. पण मग प्रत्येक दिवशी दोन स्कोअर एकाखाली एक येतात, मध्ये ओळ तुटते, पहिला भाग संपताना ओळीच्या टोकाला पुढचा सूर कुठला हे सांगणारं ते छोटं कुस्तोस चिन्ह येतं तेही आपोआप येत नाही, आणि गाणारा तिथे थबकतो. उलट गाउदेआमुस घ्या. चाल तीच, पण मध्ये संताचं नाव बदलतं, सर्व संतांच्या सणाला एक, सांक्ता आगाथाच्या दिवशी दुसरं, नावाची अक्षरं कमी-जास्त म्हणून सूरही तिथे वेगळे बसतात. तिथे प्रत्येक नावाची वेगळी फाइल करण्याशिवाय इलाजच नाही आणि तिथे ते योग्यही आहे. हेक दिएसला मात्र मी सध्या सहा पूर्ण फाइली केल्यात, पहिला भाग सहाही ठिकाणी पुन्हा लिहून, कारण गाणाऱ्याची नजर न तुटणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पण पहिला भाग सहाही ठिकाणी अक्षरशः तोच आहे की नाही हे तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट पुण्याचा मित्र लिहून देतोय, म्हणजे एका ठिकाणी कोणी सूर बदलला तर बाकीच्या पाच ठिकाणी काय राहिलंय ते ती सांगेल. ती आली की मगच हे फोल्डर मी कॉयरला पाठवणार आहे.